सातपुड्यामागून सूर्य उगवत नाही : खान्देशात उघड्यावर बसून चित्र काढू पाहणाऱ्यांसाठी

रेखाकला परीक्षेच्या सरावाला दरवर्षी पोरं जमतात. स्मरणचित्राचा विषय म्हणून फळ्यावर ‘शेतातील दृश्य’ लिहिलं की चाळीसपैकी तीस कागदांवर तेच उतरतं. दोन त्रिकोणी डोंगर, मधून डोकावणारा सूर्य, नागमोडी नदी, उतरत्या छपराची झोपडी आणि काठाला नारळाची रांग. मी अमळनेरजवळच्या एका शाळेत चित्रकला शिकवते, माहेर यावल तालुक्यातलं. आमच्या पोरांच्या गावांत नारळाच्या रांगा नाहीत, जुनी घरं धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छताची, आणि सातपुडा त्रिकोणी तर नाहीच नाही. तो भिंतीसारखा लांबच लांब पसरलेला, वरची कड बरीचशी सरळ. शिवाय तापीकाठच्या सपाटीवर उभं राहून त्याच्याकडे तोंड केलं की आपण उत्तरेला बघत असतो. मे-जूनमध्ये सूर्य फार तर उजव्या हाताला, रावेरकडच्या डोंगराच्या शेपटाशी वर येतो. मधोमध कधीच नाही.

पोरांना मी रागवत नाही, कारण पस्तिशीपर्यंत मीही हेच काढत होते. फक्त रंग जरा बरे भरत होते. मग एकदा ठरवलं की जे आपण पाहिलंय, सोसलंय, तेच काढायचं, आणि तिथून पंधरा वर्षं कागद फाडत शिकले. ते फाडणं तुमचं थोडं कमी व्हावं म्हणून हे लिहिते आहे. बोलणार आहे जलरंगांबद्दल, कारण मला तेच येतात.

आधी आठवण, मग जागा

नवीन माणूस आधी ‘स्पॉट’ शोधतो. तोरणमाळचा यशवंत तलाव, पाटणादेवी, उनपदेव. जागा सुंदरच आहेत, पण पहिल्याच फेरीत तिथे जाऊन बसलात तर हाती लागतं ते कॅलेंडरवरचं चित्र. कारण त्या जागेत तुमचं काही घडलेलं नसतं.

म्हणून पहिलं काम घरी बसून करायचं. साधी वही घ्या आणि उघड्यावर घडलेला, तुमच्या अंगावरून गेलेला एक प्रसंग निवडा. मोठा असायला हवा असं काही नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) निंबाच्या फांदीवर बांधलेला झोका, बोरी नदीच्या कोरड्या पात्रातून शाळेत जाणं, रात्री पाणी धरायला बापाबरोबर बॅटरी घेऊन निघणं, असं काहीही. चित्र काढू नका. दहा ओळी लिहा. मी कुठे उभी होते, पायाखाली काय होतं, उजेड कुठल्या बाजूनं येत होता, हातात काय होतं, दुसरं कोण होतं आणि ते काय करत होतं. ‘खूप सुंदर दृश्य होतं’ अशी ओळ आली की खोडा.

माझा प्रसंग सांगते, म्हणजे पुढचं सगळं त्याच्या आधारानं सांगता येईल. मी सातवीत होते. जूनच्या तोंडाशी रात्री वादळ झालं आणि आमची केळी आडवी झाली. यावल-रावेरकडच्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. कापणीला आलेली बाग, एकेका खोडावर वजनदार घड, जमीन पावसानं मऊ झालेली, त्यात वारा. सकाळी आप्पांच्या मागे मळ्यात गेले. सगळी बाग एकाच दिशेला निजलेली. आप्पा बांधावर उकिडवे बसले आणि बोटानं घड मोजायला लागले. चाळीसपर्यंत मोजले, मग थांबले. मी एक घड उचलायला गेले तर फ्रॉकवर चीक लागला. त्याचे काळे डाग शेवटपर्यंत निघाले नाहीत. आईनं तो फ्रॉक नंतर पुसायला घेतला.

या दहा ओळी झाल्या की पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पेन्सिलीनं तोच प्रसंग तीनदा काढा. बाहेर बघायचं नाही, फोनमध्ये बघायचं नाही. तीन चित्रं शेजारी ठेवली की दोन गोष्टी लगेच कळतात. काही भाग तिन्ही वेळा सारखाच येतो. माझ्या बाबतीत आप्पांची पाठ, आणि तिच्यापुढे खाली खाली जाणाऱ्या आडव्या रेघा. तो तुमच्या चित्राचा कणा समजा. आणि काही जागा तिन्ही वेळा भोंगळ येतात, तिथे हात नुसता फिरत राहतो. पडलेलं केळीचं पान नेमकं कसं दिसतं, हे मला एकदाही काढता आलं नाही, आणि मी केळीत वाढलेली! या भोंगळ जागांची यादी करा. बाहेर जायचं ते ही यादी खिशात घेऊन.

मी गेले ते ही यादी केल्यावर दोन वर्षांनी, सासरहून माहेरी आलेली असताना, दुसऱ्या कुणाच्या तरी पडलेल्या बागेत. माझ्या आठवणीत ती बाग हिरवीगार होती. प्रत्यक्षात ती राखाडी दिसत होती, पांढुरकी. केळीच्या पानाची खालची बाजू फिकट असते, तिच्यावर मेणासारखा पांढरा थर असतो. झाड उभं असताना ती बाजू सावलीत राहते, आपल्या लक्षात येत नाही. झाड पडलं की पानं उलटतात आणि सगळी बाग पोटावरून पाठीवर झाल्यासारखी फिकी पडते. हे मला कुठल्याही पुस्तकात सापडलं नसतं आणि आठवणीतही नव्हतं. पण आठवण नसती तर त्या बागेत मी गेलेच नसते.

सामान

थोडक्यात आटपते, कारण लोक सामानातच अडकून पडतात. कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड घ्या. पैसे वाचवायचे तर रंगांत वाचवा, कागदात नको. पातळ कागद पाण्यानं फुगतो, खड्ड्यांत रंग साचतो आणि दोष तुम्ही स्वतःला देत बसता. ब्रश तीन पुरेत. एक इंची चपटा, १० किंवा १२ नंबरचा गोल आणि बारीक रेघांसाठी एक. प्लायवूडचा तुकडा, चार क्लिपा, जुन्या सुती साडीची फडकी, पाण्याच्या दोन बाटल्या (एक रंगाची, एक प्यायची, आणि त्यांची झाकणं वेगळ्या रंगांची असू द्या, मी एकदा चुकले आहे), पाणी फवारायची छोटी बाटली. बसायला घडीचं स्टूल. ईझल (चित्र टेकवायची घोडी) पहिल्या वर्षी नको.

रंगांच्या ट्यूब सहा. यलो ओकर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन ब्लू, लेमन यलो, क्रिमसन आणि बर्न्ट अंबर. काळी ट्यूब घरी ठेवा, हिरवीही.

इथले रंग

हिरवी ट्यूब घरी ठेवा म्हटलं की पहिल्या दिवशी सगळे कुरकुरतात. पण खान्देश वर्षातले आठ महिने हिरवा नसतोच. आणि जो हिरवा असतो तो तऱ्हेतऱ्हेचा असतो. केळीचा नवा पोंगा पोपटी, जुनं पान निळसर, कपाशी धुळकट, निंब मार्चमध्ये तांबूस पालवीचा. लेमन यलो आणि अल्ट्रामरीन यांचं प्रमाण बदलत गेलात आणि चिमूटभर बर्न्ट सिएना टाकत गेलात की हे सगळे निघतात. ट्यूबमधला हिरवा मात्र प्लॅस्टिकच्या कुंडीसारखा दिसतो.

काळी माती काळ्या रंगानं काढू नका. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट अंबर घट्ट कालवा. नांगरलेली, ओली माती असेल तर निळा जास्त. उन्हात भेगाळलेली असेल तर अंबर जास्त आणि पाणीही जास्त. ट्यूबमधल्या काळ्याला असं ओलं-कोरडं होता येत नाही. पाहिजे तर एका पट्टीवर दोन्ही शेजारी लावून बघा, मग माझ्यावर विश्वास ठेवा.

सातपुड्याचा रंग ही तर महिन्यागणिक बदलणारी गोष्ट. पाऊस उघडल्यावर, हवा धुतलेली असताना, तो इतका जवळ येतो की घळी मोजाव्यात. तेव्हा अल्ट्रामरीनमध्ये थोडा क्रिमसन, घळींना जरा बर्न्ट सिएना. जानेवारीच्या सकाळी तोच रंग भरपूर पाण्यात, एका झटक्यात. मेमध्ये धुळीच्या पडद्यामागे तो आकाशापेक्षा जेमतेम अर्धी छटा गडद असतो, कधी तर दिसतच नाही. दिसत नसेल तर काढू नका. ‘डोंगर नाही तर चित्र रिकामं वाटेल’ म्हणून नवीन लोक तो घुसडतात आणि मेचं चित्र डिसेंबरचं करून टाकतात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो. त्याची जागा आधीपासून कोरी सोडा आणि शेवटी क्रिमसन-लेमन यलोचा ताजा, घट्ट केशरी एकदाच ठेवा. घोटायचा नाही. घोटला की पळस विझतो.

एकदा अजिंठ्याला फक्त रंग बघायला जा. जळगावहून सकाळी निघालात तर सुखानं दिवसभरात होतं. तिथल्या चित्रकारांनी पिवळी माती, गेरू, हिरवी माती, चुना, काजळी असा बराचसा माल दगडमातीतूनच घेतला. झळाळता निळा तेवढा लाजवर्दी दगडाचा, दूर देशातून आलेला, म्हणून तो जपून वापरलेला. गुहेतून बाहेर येऊन वाघोरा नदीच्या, घोड्याच्या नालेच्या आकाराच्या दरीकडे बघा. आत भिंतीवर पाहिलेले रंग समोरच्या कड्यावर दिसायला लागतात. मी वर सांगितलेल्या सहा ट्यूबांपैकी तीन मातीच्या रंगाच्या का आहेत, हे तिथे आपोआप कळतं.

ऊन

आमच्याकडचा खरा गुरू आणि खरा वैरी. जलरंगाची बहुतेक शिकवणी दमट किंवा थंड हवेतल्या लोकांनी तयार केलेली. ‘कागद ओला करा, त्यावर रंग सोडा, तो पसरू द्या.’ भुसावळला एप्रिलमध्ये हे करून बघा. आकाशाच्या रंगाचा हात डावीकडून सुरू करून उजवीकडे पोचेपर्यंत डावी बाजू खडखडीत वाळलेली असते, आणि मधे कोयत्यानं कापल्यासारखी रेघ. मेमध्ये पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा ब्रशच्या टोकावरचा रंगसुद्धा वाळतो.

यावर मी जे करते ते असं. कागद पाठपोट भिजवायचा. पाच मिनिटं दोन्ही बाजूंनी पाणी पिऊ द्यायचं, मग ॲक्रिलिकच्या किंवा जाड प्लॅस्टिकच्या तुकड्यावर पसरायचा. तो खालून ओला राहतो. हिवाळ्यात अर्धा तास मिळतो, मार्चमध्ये दहा मिनिटं. आकाशाचा रंग आधीच, लागेल त्याच्या दुप्पट कालवून ठेवायचा. मधे कालवायला थांबलात की संपलं. चपटा ब्रश, मोठे हात, आणि कागदाचा आकार लहान. उन्हाळ्यात अर्ध्या ए-फोरच्या वर जायचंच नाही. फवाऱ्याची बाटली डाव्या हातात.

दुसरी गोष्ट कागदावरच्या उजेडाची. कागद उन्हात धरून रंगवलंत तर तो इतका चकाकतो की तुम्ही नकळत रंग गडद लावत जाता. घरी आल्यावर ट्यूबलाइटखाली चित्र काळवंडलेलं दिसतं. म्हणून समोरचं दृश्य उन्हात असलं तरी कागद सावलीत हवा. छत्री वापरणार असाल तर काळी किंवा पांढरी. माझी पहिली छत्री गुलाबी फुलांची होती. त्या महिन्याभरातली सगळी शेतं मी लाजल्यासारखी रंगवली आहेत.

वेळ म्हणाल तर सकाळी उजाडल्यापासून साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर. मेच्या शेवटी दुपारी बाराच्या सुमारास सूर्य इथे थेट डोक्यावर असतो, माणसाची सावली त्याच्या चपलांखाली जाते. सावलीच नाही तर आकार दाखवणार कशानं? ते दोन-तीन तास घरी झोपा. उन्हाचा झटका ही चित्रासाठी सोसायची गोष्ट नाही. रुमाल, कांदा-पाणी, मीठ-साखर, आणि डोकं जड वाटलं की सामान गोळा करून निघायचं.

सगळ्यात सुखाचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तापीवर सकाळी धुकं, दादर (रब्बी ज्वारी) उभी, हवेत गारवा, रंग वाळायला बेताचा वेळ. पहिलं वर्ष असेल तर तेव्हाच सुरू करा. पावसाळ्यात उलटा घोळ होतो. रंगाचा हात तासभर वाळत नाही आणि शाईसुद्धा फुटते. ते चार महिने मी पेन्सिल आणि कोळसा घेते आणि ढग काढते.

बसायचं कुठे

घरापासून सायकलवर जाता येईल एवढ्या अंतरात एक जागा धरा आणि वर्षभर तीच काढा. कोल्हापूरचे आबालाल रहिमान कोटीतीर्थाच्या तळ्याचा परिसर पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. दरबारी चित्रकार होते ते, देखाव्यांची वाण नव्हती त्यांना. माझी जागा बोरीच्या पात्रातला एक धोंडा. तिथून एक निंब, दोन विजेचे खांब, पलीकडे धाब्यांची घरं आणि एक मोबाइल टॉवर दिसतो.

विजेचे खांब आणि टॉवर काढायचे का, हे सगळे विचारतात. माझं उत्तर : तुमच्या आठवणीत असतील तर काढा. साक्रीकडच्या पोरानं पवनचक्क्या पुसून टाकून डोंगर काढला तर तो त्याच्या आजोबांचा डोंगर झाला, त्याचा नाही. ठिबकच्या काळ्या नळ्या, सावद्याच्या स्टेशनावर केळी भरायला लागलेल्या गाड्या, निळी प्लॅस्टिकची ताडपत्री, यांच्याशिवाय आजचा खान्देश कसा पुरा होईल?

कुणाच्या शेतात बसणार असाल तर मालकाला विचारा. हो म्हणतातच, वर चहा येतो. यावल किंवा गौताळा अभयारण्यात जायचं तर नाक्यावर नोंद करूनच आत शिरा, एकट्यानं नको, अंधार पडायच्या आत बाहेर. धरणाच्या भिंतीवर सामान मांडू नका, पहारेकरी उठवतो आणि त्याचं बरोबर असतं. बायकांसाठी एक वेगळं सांगते. पहिल्या दोन-तीन वेळा सोबत न्या, गावाच्या येण्याजाण्याच्या वाटेवरच बसा. आठवडाभरात त्या वाटेवरची म्हातारी तुमची राखण करायला लागते.

गर्दी होणार, ते गृहीत धरा. पोरं कागदावर वाकणार, कुणी म्हणणार माझा फोटो काढ. मी बोरीत बसले असताना बकऱ्या घेऊन चाललेले एक बाबा थांबले. “काय काढी ऱ्हायनी वं ताई?” मी दाखवलं. बराच वेळ बघितलं आणि काठीनं कागदाच्या कोपऱ्याकडे दाखवून म्हणाले, “आठे निंबनं झाड शे ना, ते कोठे गयं?” निंब मी मुद्दाम गाळला होता, मांडणीत अडचण होत होती म्हणून. घरी येऊन पाहिलं तर बाबांचं खरं होतं. तो निंब नसल्यामुळे उजवी बाजू सगळी घसरत होती. तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्यांना मी टाळत नाही.

कागदावर

बसल्या बसल्या रंग काढू नका. आधी काडेपेटीएवढ्या चौकटी आखा, तीन-चार. प्रत्येकीत फक्त तीन छटा : कोरी, मधली, गडद. केळीच्या चित्राला मी अशा अकरा चौकटी केल्या. आप्पांची पाठ गडद, पडलेली बाग कोरी, आकाश मधलं, हे नवव्या चौकटीत सापडलं. त्याआधीच्या आठ चौकटींत आकाश कोरं होतं, सवयीनं. पाऊस पडून गेलेल्या सकाळी आकाश जमिनीपेक्षा गडद असू शकतं, हे डोळ्याला माहीत असतं पण हाताला नसतं.

मग हलकी पेन्सिल, आणि रंग फिक्याकडून गडदाकडे. पांढरं जिथे हवं तिथे कागद सोडायचा. कपाशीचं शेत काढताना याचा कस लागतो. पांढऱ्या रंगाचे ठिपके मारलेत तर शेतावर चुना उडाल्यासारखा दिसतो. खरं तर वेचणीच्या वेळी कपाशी पांढरी कमी आणि तपकिरी जास्त असते. वाळली पानं, फुटलेली बोंडं, पऱ्हाट्यांच्या काड्या. तपकिरीच्या मधे कागदाचे वेडेवाकडे तुकडे कोरे राहू द्या. जवळ मोठे, लांब गेलं की नुसती एक पुसट पट्टी.

आणि चित्र ‘झालं’ असं वाटायच्या जरा आधी थांबा. यात मी अजूनही दर दुसऱ्या वेळी चुकते.

माणसं

नुसत्या निसर्गाला मी फार काळ रंगवू शकत नाही. आमच्याकडे उघड्यावर माणूस असतोच, आणि आठवणीही माणसांच्याच असतात.

एक युक्ती शिकून घ्या, तिनं निम्मे प्रश्न सुटतात. सपाट जमिनीवर तुम्ही उभे असाल तर तुमच्याएवढ्या उंचीच्या सगळ्या माणसांची डोकी, जवळची असोत की लांबची, क्षितिजाच्या रेषेवरच येतात. फक्त पाय वर-खाली होतात. तुम्ही बांधावर बसलेले असाल तर तीच रेषा सगळ्यांच्या कमरेच्या आसपास जाते. नवीन माणूस लांबची माणसं कागदावर वर चढवतो आणि ती हवेत तरंगतात.

वेचणीच्या बायका काढताना चेहरा विसरा. वाक बघा. साडीवरून घातलेला नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, डोक्याला घट्ट रुमाल, पोटाशी कापसानं फुगलेली ओटी. ती ओटी जसजशी भरते तसतसा कमरेचा बाक बदलतो. सकाळी आठची बाई आणि अकराची बाई एकाच रेषेत काढता येत नाही. मी स्वतः एक दिवस वेचायला गेले तेव्हा कळलं, तोवर सगळ्यांची ओटी मी उशीसारखी गोल काढत होते. बोंडाच्या वाळक्या टोकांनी बोटं सोलवटली. पुढच्या चित्रात हात जास्त खरे आले.

थंडीतली भरीत पार्टी हा नवशिक्यांसाठी फार चांगला विषय, कारण तिथे कुणी हलत नाही. काड्यांच्या जाळावर वांगी, भोवती बसलेली माणसं, धूर एकाच बाजूला. उजेड खालून येतो म्हणून हनुवट्या उजळ आणि कपाळं काळी. संध्याकाळचा निळा आणि जाळाचा केशरी असे दोनच रंग घेऊन बसा. कळण्याची भाकरी आली की ब्रश ठेवा.

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडे बघायला जरूर जा. बांधलेला घोडा त्याच तीन-चार ठेवणींत परत परत येतो, म्हणून एका पानावर चार रेखाटनं अर्धवट सुरू ठेवायची आणि तो जसा वळेल तशी पुरी करायची. होळीच्या आधी सातपुड्यातल्या गावांत आदिवासींचा भोंगऱ्या बाजार भरतो. तिथे मात्र पहिल्या वर्षी वही पिशवीतच राहू द्या. तिथली माणसं आपल्या चित्रासाठी नटलेली नसतात, त्यांच्या सणासाठी नटलेली असतात. बाजार फिरा, ओळख करा, कुणाला काढायचं तर विचारा, आणि काढलेलं दाखवा.

फोन

फोन खिशात ठेवा, पण त्यावरून चित्र काढू नका. फोनची भिंग रुंद दृश्य घेते, त्यामुळे सातपुडा एक करंगळीएवढी पट्टी होऊन जातो. डोळ्याला तो केवढा तरी मोठा दिसत असतो. सावल्या काळ्याठिक्कर येतात, त्यांच्यातला निळा निघून जातो. मी फोटो काढते तो बैलगाडीच्या चाकाला आरे किती, असल्या प्रश्नांसाठी.

कॅमेऱ्याला मी नावं ठेवते असं वाटू नये म्हणून सांगते, चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांचं घर बघून या. १९१२ ते १९८९ हा त्यांचा काळ, आणि त्यातला फार मोठा भाग त्यांनी त्या घरातच काढला. टेबलावर घरातल्याच वस्तू मांडून, उजेड बेतून त्यांनी अशी छायाचित्रं घेतली की बघणाऱ्याला बाहेरचा निसर्गच वाटावा. उजेडाचा इतका विचार मी उघड्यावर बसून करत नाही, हे तिथून परत येताना रेल्वेत जाणवलं होतं.

घरी आल्यावर

चित्र दोन दिवस भिंतीकडे तोंड करून ठेवा, मग बघा. दुरुस्ती करायची ती तिसऱ्या दिवशी, आणि तीही ती दहा ओळींची वही उघडून. दृश्य बरोबर आलं पण ओळी आल्या नाहीत, तर चित्र परत काढा.

जपणुकीत मी एकदा सपाटून मार खाल्ला. तालुक्याच्या एका फ्रेमवाल्यानं माझी चार चित्रं डिंकानं पुठ्ठ्याला पक्की चिकटवली आणि वर काच टेकवून दिली. एका पावसाळ्यात आकाशात तपकिरी ठिपके आले, बुरशीचे, आणि एका चित्राचा रंग काचेला लागला. तेव्हा सांगून करून घ्या. पुठ्ठा आम्लविरहित हवा, चित्र फक्त वरच्या कडेला दोन पट्ट्यांनी टांगलेलं हवं, आणि काच व कागद यांच्यात माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची, जाडी हवी. ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर टांगू नका.

आणि फ्रेमला देण्याआधी प्रत्येक कामाचा सपाट उजेडात फोटो काढून ठेवा. मेजर रॉबर्ट गिलनं १८४४ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या नकला तैलरंगात केल्या, त्या लंडनला गेल्या, आणि १८६६ मध्ये तिथल्या क्रिस्टल पॅलेस या प्रदर्शनगृहाच्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. १८७९ मध्ये तो वारला, त्याची कबर भुसावळात आहे. आपली चित्रं काही क्रिस्टल पॅलेसला जाणार नाहीत, पण उधई आमच्याकडेही आहे.

शेवटचं काम : प्रसंगात तुमच्याबरोबर जो होता त्याला चित्र दाखवा. मी केळीचं चित्र यावलला नेलं. आप्पा आता ऐंशीच्या पुढे. चष्मा पुसून त्यांनी बघितलं, स्वतःच्या पाठीबद्दल काही बोलले नाहीत. म्हणाले, “वादळ चोपड्याकडून आलं होतं. तू केळी सातपुड्याकडे पाडलीस.” म्हणजे सगळी खोडं मी उत्तरेला निजवली होती, ती पूर्वेला हवी होती. मग त्यांनी बोट टेकवून कागदावरच मोजायला सुरुवात केली आणि चाळीसला थांबले नाहीत. चौदाशेपैकी सव्वाशे खोडं उभी राहिली होती, शेवरीच्या आडोशाला. हे त्यांनी घरात कधीच कुणाला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नवा कागद भिजवला. चित्राच्या पाठीमागे जागा, महिना आणि वेळ पेन्सिलीनं लिहायची सवय तुम्हीही लावून घ्या. शाई पुढच्या बाजूला उमटते. माझ्या त्या दुसऱ्या चित्रामागे लिहिलंय : आमचा मळा, जूनची सकाळ, वारा चोपड्याकडून, उभी १२५.